वाबळेवाडी भरभर वाचून दाखवा!

शिरूर तालुक्यातल्या पाट्या म्हणजे वाचनाची परीक्षाच. वाबळेवाडीत व, ब आणि पुन्हा व. तळेगाव ढमढेरेत ढ-म-ढ. निर्वीचं तर विचारूच नका! पहिली वेलांटी लिहायची ‘न’च्या आधी, म्हणायची नंतर. ‘र’ म्हणायचा ‘व’च्या आधी, पण कागदावर तो जाऊन बसणार ‘वी’च्या डोक्यावर. भीमा ओलांडून दौंडात शिरलात तरी सुटका नाही, तिथे कुरकुंभ आणि वरवंड आहेतच. एसटीच्या खिडकीतून आपण हे सगळं न अडखळता वाचतो. शंभरातल्या साधारण पाच ते दहा मुलांना मात्र ते जमत नाही. बुद्धी चांगली, नजर ठीक, शाळेत हजेरी रोजची. तरी अक्षर आणि आवाज यांची गाठ पटकन बसत नाही. हाच डिस्लेक्सिया.

अक्षरं उलटी दिसतात म्हणे? हा गैरसमज. उलटी अक्षरं पहिलीतली बरीच मुलं काढतात. इथे घोळ डोळ्यांत नसतो, त्यामुळे चष्म्याने तो सुटत नाही.

भाषा बदलली की डिस्लेक्सियाचं रूपही बदलतं. 2001 साली डिस्लेक्सिया असलेल्या इटालियन, फ्रेंच आणि इंग्रजी विद्यार्थ्यांची तपासणी झाली. वाचताना मेंदूत दिसणारा फरक तिघांतही सारखाच निघाला, पण लिहिलं तसं बोलणारे इटालियन वाचनात सरस ठरले. मराठीही बरीचशी त्याच वळणाची. म्हणून आपल्याकडचं मूल चुकण्यापेक्षा रेंगाळतं जास्त, आणि ‘आळशी आहे झालं’ म्हणून विषय मिटतो. जपानमध्ये वाढलेल्या एका मुलाची गंमत तर औरच: इंग्रजीत अडखळणारा हा पठ्ठ्या जपानी मात्र सफाईने वाचायचा!

पहिली गाजलेली नोंद 1896 सालची. इंग्लंडमधल्या डॉक्टर मॉर्गन यांनी पर्सी नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाबद्दल लिहिलं. खेळात चपळ, गणितात ठीक, पण स्वतःचं नाव लिहायचा ‘प्रेसी’. त्याच्या मास्तरांचं मत होतं की सगळं शिक्षण तोंडी असतं तर हाच शाळेत पहिला आला असता. सव्वाशे वर्षांनंतरही आपण मुलाला ‘ढ’ म्हणून मोकळे होतो, त्यापेक्षा ते मास्तर बरे.

मग करायचं काय? परातीत रांगोळी पसरा, बोटाने अक्षर गिरवू द्या आणि त्याच दमात आवाज मोठ्याने म्हणू द्या. वाचताना ओळीखाली पट्टी धरा. भर वर्गात अचानक उभं करून धडा वाचायला लावू नका. आणि ‘दहादा लिहून आण’ ही शिक्षा तर कायमची रद्द करा, तिने फक्त वह्या संपतात.

मराठी मुलाची चाचणी इंग्रजीत घेण्याचंही कारण उरलेलं नाही. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने 2015 साली आणलेली ‘डाली’ चाचणी पहिली ते पाचवीसाठी मराठीतही आहे. 2016 च्या अपंग हक्क कायद्यात डिस्लेक्सियाची नोंद आहे. केंद्राच्या नियमांनुसार परीक्षेत ताशी किमान वीस मिनिटं जादा मिळतात, म्हणजे तीन तासांच्या पेपरला चक्क एक तास.

स्वित्झर्लंडचे शास्त्रज्ञ झाक दुबोशे यांना 2017 चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपण प्रांतातले पहिले अधिकृत डिस्लेक्सिक, त्यामुळे सगळ्याच विषयांत कच्चं राहायची मुभा मिळाली, असं त्यांनी स्वतःच्या परिचयपत्रातच मिश्कीलपणे नोंदवून ठेवलंय.

आणि इतक्या लांब तरी कशाला जायचं? शिरूर तालुक्यातल्याच पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. तो डिस्लेक्सियासाठी नव्हता. शाळा सुटलेल्या पोरापोरींना वेल्डिंग, बांधकाम, वीजजोडणी, शेती अशी कामं करता करता शिकवायचं, एवढाच बेत. पण पुस्तकाशी न जमलेल्यांचे हात तिथे असे काही चालले, की अमेरिकेतल्या एमआयटीने आपल्या आवाराबाहेरची पहिली फॅब लॅब (वस्तू घडवायची प्रयोगशाळा) 2002 साली याच पाबळात उभी केली.