मिलिमीटरचा शंभरावा भाग

१ ऑगस्ट २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये रायफल नेमबाजीत ४५१.४ गुणांवर ऑलिंपिक कांस्य घेतलं. गावभर त्याच्या संयमाच्या गोष्टी चालल्या होत्या, माझं मन मात्र त्या दशांशात अडकलं. ५० मीटरवरच्या टार्गेटात दहाचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं असतं आणि गुणाचा एक दशांश म्हणजे ०.८ मिलिमीटर. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला ६०० पैकी ५९७ करून जगज्जेतेपद मिळवलं, तेव्हापासून मला या अचूकतेचा नाद आहे. ही अचूकता नळीवरही अवलंबून असते, आणि रायफलची नळी बदलता येते. मग बदललेली नळी नेमकी बसते कशी?

पॉइंट टू-टूची नळी काडतुसांच्या बाबतीत लहरी असते. एका लॉटवर खूश, दुसऱ्यावर रुसलेली. म्हणून काही मॅच रायफलींत नळी रिसीव्हरमध्ये सरकवून स्क्रूंनी आवळतात. खरी गोम इथेच आहे. सहज आत जायची तर फट हवी आणि अचूक मारायची तर फट नको. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या कारखान्यांना ओळखीचं असलेलं आयएस ९१९ चं फिटचं कोष्टक काढा. २५ मिलिमीटर व्यासाला एच७-जी६ घेतलं, तर फट ७ ते ४१ मायक्रॉन. पंपाला हे उत्तम.

रायफलीला? समजा, नळीचा ४० मिलिमीटर भाग आत आहे आणि तो मिलिमीटरच्या शंभराव्या भागाइतका कलला. ५० मीटरवर तो कल १२.५ मिलिमीटर होतो. रायफल शिकंज्यात धरून चाचणी घेतली, तर ही चूक जशीच्या तशी कागदावर उतरते. माणूस नेम धरतो तेव्हा पुढची साइट नळीबरोबरच हलते, त्यामुळे बरीचशी चूक आपोआप भरून निघते. तरी पाचवा भाग उरला, तर तीन दशांश गेले. कायमचा कल साइट फिरवून काढता येतो. दर फैरीला बदलणाऱ्या कलावर इलाज नाही.

म्हणून गोळ्या पसरल्या की आधी नळीच्या पिळांना दोष देऊ नये. नळी काढा, बैठक पुसा, बर, म्हणजे धातूची उठलेली कड, आहे का ते नखानं चाचपा. नळी किती आत बसली तेही पाहा. काडतुसाच्या बुडाची कड साधारण १.१ मिलिमीटर जाड असते आणि नळी व बोल्ट यांच्यात तिच्यापुरतीच जागा हवी. नळी पूर्ण मागे टेकली नसेल तर फायरिंग पिनचा ठोका कमजोर पडतो आणि गोळ्या वर-खाली लांबतात. ती जास्त मागे गेली तर बोल्टच मिटत नाही. स्क्रू टॉर्क पान्यानं, उत्पादकानं दिलेल्या क्रमानंच आवळावेत. हाताच्या अंदाजानं आवळणाऱ्यांशी माझं भांडण आहे.

उद्यमनगरात एका वयस्कर टर्नरदादांकडे हा प्रश्न नेला. नळी नेली नाही. शस्त्र कायदा, १९५९ सुट्या भागालाही शस्त्रच मानतो. मायक्रॉनमध्ये विचार करणारे इतके हात ज्या शहरात आहेत, तिथे नेमबाजांसाठी परवानाधारक आर्मररची सुसज्ज कार्यशाळा असायलाच हवी.

दादांनी पंपाचा शाफ्ट घेतला, त्यावर बोटानं निळीचा पातळ हात फिरवला, बुशमध्ये घालून थोडा पिळला आणि बाहेर काढला. बुशच्या तोंडाशी वरच्या बाजूला एक निळा डाग, आत अगदी शेवटी खालच्या बाजूला दुसरा. मधे सगळं कोरं.

"बसलं नाही हे," ते म्हणाले, "नुसतं टेकलंय."