चिखलातील जिवंतांची मोजणी

नेदरलंड्स, जर्मनी आणि डेन्मार्क यांच्या किनाऱ्यालगत वाडेन समुद्र पसरलेला आहे. तेथे दिवसातून दोनदा ओहोटी लागते आणि मैलोगणती चिखल उघडा पडतो. या चिखलाच्या वरच्या थरात, एका घन सेंटिमीटरात, सुमारे १०० कोटी सूक्ष्मजीव असतात. श्रोतेहो, यांतले जिवंत किती, मेलेले किती, आणि जिवंत आहेत ते कोणता उद्योग करतात, हे ओळखावे कसे?

कोणी म्हणेल, प्रयोगशाळेत अन्न घालून ते वाढवावेत व मोजावेत. परंतु शंभरांतला एखादादेखील तेथे वाढायला क्वचितच राजी होतो. म्हणून शास्त्रज्ञांनी निराळी वाट धरली. प्रत्येक सजीव पेशीला मेदाचे पातळ आवरण असते. त्यातील पुष्कळशा रेणूंना फॉस्फेटाचे डोके आणि मेदाम्लांच्या दोन शेपट्या असतात. पेशी मेली की ते डोके लवकरच गळून पडते. तेव्हा डोक्यासकट शाबूत रेणू हाती लागला, तर त्याचा धनी जिवंत असावा, असे समजतात. १९७९ साली डेव्हिड व्हाइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गाळातील सूक्ष्मजीवांचा भार याच तत्त्वावर मोजून दाखवला.

हा मेद काढतात तरी कसा? क्लोरोफॉर्म, मिथेनॉल आणि पाणी यांच्या मिश्रणात गाळ घुसळायचा. मग आणखी क्लोरोफॉर्म व पाणी घालायचे. दोन थर वेगळे होतात आणि मेद खालच्या क्लोरोफॉर्मात उतरतो. ब्लाय आणि डायर यांनी १९५९ मध्ये कॅनडात माशांच्या मांसासाठी काढलेलीच ही युक्ती!

आता उद्योगाकडे वळू. चिखलात प्राणवायू काही मिलिमीटरच पोचतो. त्याखालचे जीव समुद्राच्या पाण्यातील सल्फेटावर श्वास चालवतात. म्हणून तेथला गाळ काळा असतो आणि त्याला कुजक्या अंड्यांचा वास येतो. आणखी खाली आर्किया नावाचे जीव मिथेन वायू तयार करतात. त्यांच्या मेदाची जोडणी जिवाणूंच्या मेदाहून वेगळी असल्याने ते ओळखू येतात.

हा मिथेन वर चढताना वाटेतच खाल्ला जातो, असा तर्क होता. पण खाणारा कोण? १९९९ मध्ये कॅलिफोर्नियाजवळच्या समुद्रतळातील गाळात आर्कियांचा मेद सापडला. त्यातील कार्बन विलक्षण हलका, म्हणजे मिथेनातूनच आलेला होता. ज्यांना प्रयोगशाळेत कोणी वाढवले नव्हते, त्यांचा आहार त्यांच्या मेदाने सांगितला.

मात्र ही साक्ष सावधपणे घ्यावी लागते. आर्कियांचा मेद चिवट असतो. धनी मेल्यावरही तो फार काळ टिकतो. शिवाय मेदावरून कुळ कळते, नेमकी जात नव्हे.

एवढा खटाटोप कशासाठी? मिथेन कार्बन डायऑक्साइडच्या कित्येक पट उष्णता अडवतो. समुद्रतळातून निघणारा बहुतेक मिथेन हे जीव वाटेतच संपवतात. ओहोटीच्या चिखलावर मात्र पाणी उथळ असते, कधी नसतेच. निसटलेला वायू थेट हवेत जातो. तेथे खाणारे किती जिवंत आहेत, ही मोजणी म्हणूनच आपल्या हवेचाही हिशेब आहे.