पीठ गेले, कोंडा राहिला

गिरणी म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे पिठाचा डबा येतो. पण अमेरिकेतील युटा राज्यात मोआब नावाचे एक लहानसे गाव आहे. तिथली गिरणी युरेनियमची होती. 1952 साली चार्ल्स स्टीन या भूशास्त्रज्ञाला त्या भागात युरेनियमचा मोठा साठा सापडला आणि 1956 साली कोलोरॅडो नदीच्या काठी गिरणी उभी राहिली. खनिज दळायचे, रसायनांनी त्यातले युरेनियम काढून घ्यायचे आणि उरलेला कोंडा शेजारीच टाकायचा, असा तिचा क्रम. 1984 साली ती बंद पडली तेव्हा 130 एकरांवर 1 कोटी 60 लाख टनांचा ढीग साचला होता!

वाचकांना नवल वाटेल, पण युरेनियम काढून घेतले तरी खनिजातली बहुतेक किरणोत्सर्गिता कोंड्यातच राहते. त्यातले रेडियम निम्मे व्हायलाच 1600 वर्षे लागतात, आणि त्यापासून रेडॉन हा घातक वायू निघत राहतो. शिवाय ढिगातला अमोनिया भूजलातून नदीकडे झिरपत होता. याच नदीचे पाणी पुढे कोट्यवधी माणसे पितात.

1998 साली मालक कंपनीचे दिवाळे वाजले. 2001 साली हा ढीग सरकारच्या ऊर्जाखात्याच्या गळ्यात पडला.

हा कचरा जाळून संपत नाही आणि धुऊन जात नाही. त्याला फक्त सुरक्षित जागी नेऊन पुरता येते. तसे 2005 साली ठरले. 30 मैलांवरील क्रेसेंट जंक्शन येथे प्रचंड खड्डा खणला गेला आणि एप्रिल 2009 पासून झाकणबंद डब्यांतून हा माल आगगाडीने तिकडे जाऊ लागला. वर माती आणि दगडांचे थर. हे आच्छादन शक्य तर 1000 वर्षे, निदान 200 वर्षे टिकावे असा तिथला नियम आहे. इकडे विहिरी घेऊन दूषित भूजल उपसावे लागले, ते वेगळेच.

मराठीच्या तासाला मी मुलांना ‘निस्तरणे’ या क्रियापदाचा अर्थ सांगतो, तेव्हा मला मोआब आठवते. दळण चालले अठ्ठावीस वर्षे. त्याचे मोल घेणारे घेऊन गेले. निस्तरण्याचा खर्च मात्र करदात्यांच्या माथी आला, आणि त्या मातीवर पहारा ठेवायचा आहे तो त्यांच्या नातवा-पणतूंनी. गिरणी कोठलीही असो, कोंड्याचा हिशेब पहिल्या दिवशीच मांडायला हवा.