दोन माऊस, एक बाण

संगणकाला दोन माऊस जोडले तरी पडद्यावर सहसा एकच बाण हलतो. लिनक्सचा कर्नल दोघांच्या हालचाली वेगवेगळ्या नोंदवतो; त्या मिसळतात वरच्या थरात. खिडक्या आणि बटणं रचणाऱ्या प्रणाली ‘एक माणूस, एक बाण, एक कळफलक’ असं गृहीत धरूनच घडल्या. प्रोग्रामर पीटर हटरर यांनी एक्स सर्व्हरमध्ये, म्हणजे लिनक्सवर खिडक्या पडद्यावर दाखवणाऱ्या प्रणालीत, हे गृहीतक मोडलं. २००९ मधल्या १.७ आवृत्तीपासून तिथे बाण आणि कळफलक यांच्या अनेक जोड्या करता येतात आणि प्रत्यक्ष उपकरणं हव्या त्या जोडीला बांधता येतात. खिडक्या आणि बटणं बनवण्याच्या जीटीके या साधनसंचाच्या २०११ मधल्या तिसऱ्या आवृत्तीमुळे ही सोय प्रोग्रामरच्या हाती आली.

पण दोन बाण हवेत कुणाला, हा आक्षेप रास्त आहे, आणि मोजावी लागणारी किंमतही खरी आहे. एका बटणावर दोन बाण असताना एक निघून गेला, तर बटण उजळलेलं ठेवायचं का? टाइप केलेलं अक्षर कोणत्या खिडकीत जाणार? तरीही उपकरणांची वेगळी ओळख जपायलाच हवी, कारण एकट्या माणसालाही ती लागते. चित्रकाराच्या पेनाचा दाब, त्याचा कल, उलट्या टोकाचं खोडरबर: सगळ्याला माऊस मानलं की ही माहिती वाया जाते. म्हणून जीटीके ३.२० मधली ‘सीट’ची कल्पना मला अधिक शहाणी वाटते. एका माणसाची सगळी उपकरणं एका गटात राहतात, पण प्रत्येकाची ओळख पुसली जात नाही. एक्सला पर्याय म्हणून आलेल्या वेलँडची रचनाही याच कल्पनेवर उभी आहे.