हिरड्यांचे रोपण आणि रुग्णाने विचारावयाचा एक प्रश्न

हिरडी मुळाकडे सरकली की दात लांब झाल्यासारखा दिसतो. उघड्या पडलेल्या मुळावर इनॅमलचे कवच नसते. म्हणून थंड पाण्याने कळ येते आणि मूळ किडण्याची भीती राहते. कडक ब्रशने जोराने आडवे घासणे, साचलेले कीटण व त्यातून होणारा हिरड्यांचा रोग, तंबाखू ही याची प्रमुख कारणे होत. मिसवाकसुद्धा टोक मऊ न करता जोराने घासल्यास हिरडीला इजा करतो. सरकलेली हिरडी आपोआप पूर्ववत होत नाही.

अशा वेळी रोपणाची शस्त्रक्रिया उपयोगी पडते. पूर्वी टाळूच्या पृष्ठभागाची पातळ चकती काढून हिरडीवर शिवत असत. त्यात टाळूची जखम उघडी राही व रंगही जुळत नसे. १९८५ मध्ये लँगर व लँगर या संशोधकांनी टाळूच्या आतल्या थरातील ऊतक वापरण्याची पद्धत मांडली. हे ऊतक मुळावर ठेवून त्यावर तिथलीच हिरडी ओढून टाके घालतात. पहिले एक-दोन दिवस ते भोवतालच्या द्रवावर जगते. नंतर त्यात नव्या रक्तवाहिन्या शिरतात. म्हणूनच त्या काळात ओठ ओढून पाहू नये, तिथे ब्रश लावू नये व धूम्रपान टाळावे.

यशाची मर्यादाही ध्यानात घ्यावी. दोन दातांमधले हाड शाबूत असल्यास मूळ बहुधा पूर्ण झाकले जाते. हाड झिजले असल्यास अंशतःच. मूळ कारण दूर केले नाही, तर हिरडी पुन्हा सरकू शकते.

टाळूची जखम टाळण्यासाठी तयार साहित्यही मिळते. त्यातील काही मृत मानवी दात्याच्या त्वचेपासून, तर काही डुकराच्या कोलॅजनपासून बनवलेले असते. हिरडी जुळावी म्हणून मुळावर लावले जाणारे एक प्रथिनयुक्त जेलही डुकराच्या पिल्लांच्या वाढत्या दातांपासून काढतात. अशा साहित्याच्या वापराचा शरई निर्णय हा उलेमांचा प्रांत आहे; परंतु 'हे कशापासून बनले आहे?' असे शस्त्रक्रियेपूर्वी विचारणे हा रुग्णाचा हक्क आहे. संकोचामुळे हा प्रश्न राहून जातो व नंतर मनाला रुखरुख लागते. वस्तुतः मूळ झाकण्याच्या बाबतीत स्वतःच्या टाळूचे ऊतकच आजही सर्वांत भरवशाचे मानले जाते, आणि तिथे हा प्रश्न उद्भवतच नाही.