अंगावरून वारे गेले, हे कोणत्या भाषेत सांगायचे?

आपल्या सीमाभागातील मराठी घरात कोणाचे तोंड वाकडे झाले, हात लुळा पडला, बोबडी वळली, तर ‘अंगावरून वारे गेले’ असे म्हणतात. डॉक्टरांच्या भाषेत तो पक्षाघात, कन्नडमध्ये पार्श्ववायू. कर्नाटकात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २००८ पासून धावते आहे. फोनवर कन्नडमधून विचारणा झाली की घाबरलेला माणूस वाऱ्याचे शब्दशः भाषांतर करतो. आणि ‘गाळी’ म्हणजे नुसता वारा! ऐकणाऱ्याने काय समजावे? त्यापेक्षा ‘लकवा’ म्हणावे. हा शब्द दोन्ही भाषांत चालतो.

गुठळीने रक्त अडले की मेंदूच्या सुमारे १९ लाख पेशी दर मिनिटाला मरतात, असा अंदाज २००६ मध्ये मांडला गेला. गुठळी विरघळविणाऱ्या इंजेक्शनचा गुण १९९५ च्या अमेरिकन चाचणीत ३ तासांपर्यंत दिसला. २००८ च्या युरोपीय चाचणीने ती मुदत साडेचार तासांवर नेली. मात्र आधी सीटी स्कॅन हवाच, कारण मेंदूत रक्तस्राव असेल तर तेच इंजेक्शन घात करते. स्कॅन नसलेल्या दवाखान्यात सलाईन लावून बसण्यात हे तास जातात. कबुतराचे रक्त चोळणाऱ्यांविषयी तर बोलायलाच नको.

रुग्णालयात पहिला प्रश्न असतो : माणसाला शेवटचे धडधाकट कधी पाहिले? रात्री दहाला झोपलेली आजी पहाटे लुळी आढळली, तर घड्याळ रात्री दहापासून धरतात. ‘आत्ताच झाले’ हे उत्तर तेथे धोक्याचे ठरते.

त्यानंतर तपासणीत महिना कोणता, वय किती, असे विचारतात. डोळे मिटा, मूठ आवळा, असे सांगतात. आयुष्यभर मराठीच बोललेल्या वृद्धेला हे कन्नडमध्ये विचारले आणि ती गप्प राहिली, तर तिची वाचा गेली की तिला प्रश्नच कळला नाही? दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि उपचार त्यावर ठरतात. डॉक्टरांचा येथे दोष नाही. नातेवाइकाने शेजारी उभे राहून प्रश्न मराठीत सांगावा, उत्तर मात्र स्वतः पुरवू नये.

भाषिक अल्पसंख्याकांची वस्ती १५ ते २० टक्के असेल तेथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही काढाव्यात, असे केंद्राच्या १९५६ च्या निवेदनात म्हटले आहे. फलकांवरून आपण पुष्कळ भांडलो. समितीच्या पुढच्या निवेदनात नियंत्रण कक्षात मराठी जाणणारा कर्मचारी असावा, ही मागणी पहिल्या क्रमांकावर हवी.

तोवर घरातल्या शाळकरी मुलांकडे फोन द्यावा. त्यांना शाळेत कन्नड शिकावेच लागते. गावाचे नाव, जवळची खूण, ‘लकवा’ आणि शेवटची धडधाकट वेळ, एवढे त्यांना पाठ असावे. रुग्णाला कुशीवर निजवावे, पाणीसुद्धा पाजू नये.