चिंचेचे चुकीचे नाव

पुण्याहून लोणावळ्याच्या लोकलमध्ये बसलात, तर पिंपरीनंतरचे स्टेशन चिंचवड. चिंच आणि वड या झाडांवरून गावाला हे नाव पडले, असे सांगतात. गाव आज कारखान्यांसाठी प्रसिद्ध असले, तरी नावात ते दोन वृक्ष अजून उभे आहेत. पण यातली चिंच कोणती, असे कोणी विचारले तर?

प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. भेळेला लागते ती एक चिंच. जिलबीसारख्या वळलेल्या शेंगांची विलायती चिंच दुसरी. ती मूळची अमेरिका खंडातली. रांजणासारख्या बुंध्याची गोरखचिंच तिसरी. तिला शेंग येतच नाही, भोपळ्यासारखे फळ लोंबते आणि तिचे नाते आहे भेंडी-कापसाशी! उलट आपली साधी चिंच हिंदीत इमली, कन्नडमध्ये हुणसे, तमिळमध्ये पुळी होते. परदेशी पत्र पाठवून नुसते ‘चिंचेचे बी’ मागवले, तर पुडक्यातून काय निघेल याचा भरवसा काय?

हा घोळ स्वीडनच्या कार्ल लिनियसने निस्तरला. त्यापूर्वी वनस्पतीचे शास्त्रीय नाव म्हणजे लॅटिनमधले लांबलचक वर्णनच असे. १७५३ साली प्रसिद्ध झालेल्या ‘स्पीशीज प्लँटॅरम’ या ग्रंथात त्याने प्रत्येक वनस्पतीला दोन शब्दांचे नाव दिले. पहिला शब्द प्रजातीचा, दुसरा जातीचा. वड फायकस बेंगालेन्सिस, पिंपळ फायकस रिलिजिओसा, अंजीर फायकस कॅरिका. शाळेच्या हजेरीपटासारखे आडनाव आधी! ही सारी भावंडे आहेत, हे उंबर किंवा अंजीर कापून पाहिलेत की पटेल. ज्याला आपण फळ म्हणतो, त्या बंद गोळ्याच्या आतच यांची बारीक फुले असतात.

चिंचेला नाव मिळाले टॅमॅरिंडस इंडिका. अरब लोक चिंचेला ‘तमर हिंदी’, म्हणजे हिंदुस्थानी खजूर, म्हणत. टॅमॅरिंडस त्यावरूनच आले. ‘इंडिका’ म्हणजे पुन्हा हिंदुस्थानचे. आता गंमत पाहा. चिंच खजूर नाही आणि हे झाड मूळचे आपलेही नाही, ते आफ्रिकेच्या उष्ण भागातले. आपल्याकडे ते हजारो वर्षांपूर्वी येऊन रुळले, इतकेच.

मग हे चुकीचे नाव बदलत का नाहीत? कारण शास्त्रीय नाव अर्थाला बांधलेले नसते, नमुन्याला बांधलेले असते. नवी वनस्पती सापडली, की वाळवलेला एक नमुना संग्रहात जपून ठेवतात आणि ‘या नावाची वनस्पती ती हीच’ असे ठरते. जुन्या नावांच्या बाबतीत कधीकधी नमुन्याऐवजी चित्रही चालते. पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या केंद्रात वाळवलेल्या वनस्पतींचा असा मोठा संग्रह आहे. शिवाय, एकाच झाडाला दोघांनी नावे दिली असतील तर आधीचे टिकते. आपल्या उंबराला रॉक्सबर्ग या शास्त्रज्ञाने फायकस ग्लोमेराटा म्हटले. पण लिनियसने त्यालाच आधी फायकस रेसिमोसा म्हटले होते, असे पुढे ध्यानात आले आणि रॉक्सबर्गचे नाव मागे पडले. जुन्या पुस्तकांत ते अजून भेटते, तेव्हा गोंधळू नका.

नावाच्या बाबतीत शास्त्रज्ञ असे हट्टी, पण वर्गीकरणाच्या बाबतीत मुळीच नाहीत. लिनियसने फुलातले पुंकेसर मोजून वर्ग पाडले होते. चिंचेच्या फुलात पूर्ण वाढलेले पुंकेसर तीन आणि गव्हाच्या फुलातही तीन. झाले! चिंच आणि गहू एका वर्गात जाऊन बसले. मोजायला सोपी, पण नाती सांगायला कुचकामी अशी ही पद्धत होती. पुढच्या शास्त्रज्ञांनी शेंग, बी, पान सारेच तपासले आणि चिंचेला तूर-हरभऱ्याच्या कुळात आणले. आता पेशींतील डीएनए ताडून नाती पारखतात. त्यानेही चिंच त्याच कुळात राहिली. गोरखचिंचेचे कूळ मात्र पूर्वी वेगळे मानत, ते भेंडीच्या कुळात मिळवले गेले.

उन्हाळ्याच्या अखेरीस चिंच फुलते. पिवळ्या पाकळ्यांवर तांबड्या रेषा असलेले एक ताजे फूल उचला, भिंग घ्या आणि पुंकेसर मोजा. लिनियसने मोजले तितकेच भरतात का, ते वहीत लिहून ठेवा.